एकाच तारखेस आलेले मरण

(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी धडा. आधी वाचावयाचे शास्त्रभाग : १ शमुवेल ४, ईयोब ३:१-१०, स्तोत्र ९०, लूक १३:१-५.)



मागील उन्हाळ्याच्या आरंभी आमच्या सिन्नरच्या मंडळीतील एक विधवा भगिनी दिवेलागणीच्या वेळी माझ्या घरी आल्या. विड्या वळून त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलास शिकविले आहे. त्या मुलास पुण्याच्या एका कारखान्यातून मुलाखतीचे बोलावणे आले होते, आणि मुलाखतीची तारीख होती ९ मे. ह्या बाईंचे यजमान काही वर्षांपूर्वी ९ मे रोजीच प्रभूच्या ठायी निजले. आणि त्यांचे सासरे, त्याच्याही पुष्कळ आधी, ९ मे रोजीच वारले होते. बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, ही तारीख आमच्या घरचे पुरुष नेते. त्या दिवशी पोराला एसटीत बसवायला माझा जीव धजत नाही. तुमचं तो ऐकतो. तुम्हीच त्याला सांगा, जाऊ नको म्हणून."

मी जे उत्तर दिले त्याची आज मला लाज वाटते. मी म्हणालो, "ताई, ख्रिस्ती माणसाने तारखेला भ्यावे काय? शेजारीपाजारी मुहूर्त पाहतात म्हणून आपणही घातवार पाळायचे काय?" बाई काही बोलल्या नाहीत. पदर सावरून उठल्या व निघून गेल्या. पुढच्या रविवारी त्यांची जागा रिकामी होती. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मी त्यांच्या भीतीस उत्तर दिले नव्हते. केवळ तिला नाव ठेवले होते. एखाद्याच्या भीतीस अंधश्रद्धा म्हणणे फार सोपे असते. ती भीती कोठून आली व ती कितपत खरी आहे, हे त्याच्याबरोबर बसून पाहणे कठीण असते. जे उत्तर मी त्या संध्याकाळी द्यावयास पाहिजे होते, ते ह्या धड्यात मांडण्याचा यत्न करीत आहे. कारण अशी तारीख एकाच घरात असते असे नाही. आपल्या बहुतेक खेड्यांत असे एखादे तरी घर सापडेल.

१. शास्त्रातील उदाहरणे

एकाच दिवशी अनेकांस मरण आल्याच्या हकिकती शास्त्रात पुष्कळ आहेत. गिलबोवा डोंगरावर शौल व त्याचे तीन पुत्र एकाच दिवशी पडले. एलीच्या घराण्यावर तर एका दिवसात चार मरणे ओढवली. हफनी व फिनहास लढाईत मारले गेले. ती बातमी व कोशाची वार्ता ऐकून वृद्ध एली आसनावरून मागे पडला व मान मोडून मेला. आणि त्याची सून प्रसूतीतच गेली. परंतु येथे मरणांस जोडणारा धागा डोळ्यांना दिसतो. लढाई एक होती, पराभव एक होता, आणि एका दुःखाने दुसरे दुःख ओढून आणिले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हफनी व फिनहास एकाच दिवशी मरतील, हे एलीला चिन्ह म्हणून आधी सांगण्यात आले होते (१ शमुवेल २:३४). जेथे देवाने चिन्ह दिले तेथे ते आधी दिले. मरणे होऊन गेल्यावर मागाहून तारखा जुळवाव्या आणि त्यांतून चिन्ह शोधून काढावे, अशी आज्ञा शास्त्रात कोठेही सापडत नाही.

शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट ह्याहून अधिक उपयोगाची आहे. बुरूज कोसळून अठरा माणसे एकदम मेली. लोकांच्या मनात काय विचार आला असेल हे आपणांस कळण्यासारखे आहे, कारण आजही एखाद्या गावी अपघात झाला की तोच विचार येतो : ह्यांनी काय बरे केले होते? प्रभूने तो विचार स्पष्टपणे नाकारिला. ते अठराजण यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक दोषी नव्हते, असे त्याने सांगितले, आणि मेलेल्यांविषयीचा प्रश्न जिवंत असलेल्या ऐकणाऱ्यांकडे वळविला. मरणाचा दिवस पाहून मेलेल्याचा न्याय करू नका, तर आपले आयुष्य कसे चालले आहे ते पाहा, असा त्याचा रोख होता.

आता ईयोबाकडे वळू. त्याने दुःखाच्या भरात आपल्या जन्मदिवसास शाप दिला. तो दिवस वर्षाच्या गणतीतूनच निघून जावा अशी इच्छा केली. पंचांगाचे पान फाडून टाकावे असे वाटणारा तो पहिला मनुष्य नव्हे व शेवटचाही नव्हे. शास्त्राने त्याचे ते बोलणे झाकून ठेविले नाही, सबंध अध्यायभर लिहून ठेविले आहे. ह्यावरून मला माझी चूक कळली. दुःखी मनुष्याने एखाद्या तारखेवर रागावणे हे त्याच्या शोकाचे बोलणे आहे. ते आधी ऐकून घ्यावे. शिकवण त्यानंतर द्यावी.

२. नोंदवहीचा हिशेब

त्या रविवारी दुपारी मी मंडळीची दफनाची जुनी नोंदवही उघडली. तीत सुमारे शंभर नोंदी आहेत. ९ मे ही तारीख पाहावी एवढाच हेतु होता. परंतु पाने उलटता उलटता असे दिसून आले की, डझनभर तारखा दोन-दोन वेळा आल्या आहेत. ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, अशी माणसे निरनिराळ्या वर्षी एकाच तारखेस मातीआड झालेली. मला प्रथम नवल वाटले. मग मी हिशेब मांडला तेव्हा ते नवल उरले नाही. तो हिशेब येथे देतो. मॅट्रिकच्या मुलांनी तो वडीलधाऱ्यांस समजावून सांगावा.

वर्षाचे दिवस ३६५. तेवढ्यांत दोन माणसांची तारीख जुळावी हे दुर्मिळ असावे असे आपणांस वाटते, कारण आपण एकाच माणसाची तारीख मनात धरून दुसरे माणूस शोधीत असतो. परंतु नोंदवहीत कोणाचीही तारीख कोणाशीही जुळू शकते. समजा, नोंदी केवळ २३ आहेत. पहिल्याची बाकीच्या २२ शी तुलना होते, दुसऱ्याची उरलेल्या २१ शी, आणि असे करीत गेल्यास एकंदर जोड्या २५३ होतात. २५३ जोड्या आणि ३६५ दिवस! म्हणून २३ नोंदींतच एखादी तारीख जुळण्याचा संभव निम्म्याहून थोडा अधिक असतो. नोंदी ५७ झाल्या की तो संभव शंभरात ९९ होतो. जन्मतारखांचा हा हिशेब गणिताच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. मरणाच्या तारखांसही तोच लागू पडतो. किंबहुना थोडा अधिकच लागू पडतो, कारण मरणे वर्षभर सारखी वाटलेली नसतात. कडक उन्हाळा, साथीचे दिवस, थंडीची लाट ह्यांत ती दाटून येतात.

आता एका घराचा हिशेब पाहू. घरात दोन मरणे झाली, तर दुसरे मरण पहिल्याच्याच तारखेस येण्याचा संभव ३६५ त एक. हा फार थोडा वाटतो खरा. परंतु आपल्या तालुक्यातील कोणतीही एक हजार घरे घ्या, आणि प्रत्येक घरात दोन मरणे झाली आहेत असे समजा. तर त्यांपैकी दोन-तीन घरांत तारीख जुळणारच, आणि ती जुळण्यास कोणाचे पाप, कोणाची दृष्ट किंवा कोणाचा शाप लागत नाही. ज्या दोन-तीन घरांत ती जुळते त्यांस साहजिक वाटते की, हे आमच्याच वाट्यास का आले? उरलेल्या ९९७ घरांत मात्र कोणी तारखा पडताळून पाहत नाही. जुळलेली तारीख तेवढी बोलते. न जुळलेल्या तारखा मुक्या राहतात. आमच्या भगिनीचे घर ह्या दोन-तीन घरांपैकी एक आहे, एवढेच त्या तारखेचे सामर्थ्य.

३. ९ मे रोजी निवर्तलेले नामांकित लोक

ह्यानंतर, ह्या तारखेस आणखी कोण कोण गेले आहेत ते मी शोधू लागलो. आणि पहिलेच नाव जे मिळाले ते आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचे. नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण नाशकात झाले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई ही नाशिकजवळील जलालपूरची. आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने दिलेल्या नव्या कराराने त्यांच्या आयुष्यास वळण लागले, व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्यांनी अहमदनगर येथे अध्यापन केले, १९०७ साली जळगावी कवींचे संमेलन भरविण्यात पुढाकार घेतला, १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'चा मराठी भाग सांभाळिला, आणि आपल्या उपासनेत आजही गाइली जाणारी कित्येक पदे रचिली.

बरोबर चाळीस वर्षांनी, ९ मे १९५९ रोजी, कर्मवीर भाऊराव पाटील पुण्यास वारले. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरकडील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात ते जन्मले. कंदील व नांगर विकण्याच्या निमित्ताने त्यांनी खेडी पायाखाली घातली आणि त्या खेड्यांतील अज्ञान डोळ्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले ह्या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढिले. त्यास शाहू छत्रपतींचे नाव देण्याचा समारंभ १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाला. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सर्व मुले एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीस बसून खात, आणि स्वतः राबून शिकत. आज त्या संस्थेच्या शेकडो शाळा व महाविद्यालये आहेत. आमच्या मंडळीतील काही मुले जी फी भरू न शकता शिकली, ती भाऊरावांनी घालून दिलेल्या अशाच 'कमवा व शिका' ह्या वाटेने.

परदेशाकडे पाहिले तर ९ मे १७६० रोजी जर्मनीतील हर्नहूट येथे काउंट झिंझेनडॉर्फ निवर्तले. छळामुळे परागंदा झालेल्या मोरावियन लोकांस त्यांनी १७२२ पासून आपल्या जमिनीवर आसरा दिला. त्यांच्याच वस्तीतून १७३२ साली दोघे बंधु वेस्ट इंडीजमधील गुलामांस सुवार्ता सांगण्यास निघाले. ९ मे १८०५ रोजी जर्मन कवि शिलर वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. आणि ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंग येथे तेनसिंग नोर्गे ह्यांचे देहावसान झाले. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर ज्या दोघांनी प्रथम पाऊल ठेविले, त्यांपैकी हे एक.

पाळक-कवि, शाळा काढणारा, सरदार घराण्यातील भक्त, नाटककार आणि पर्वतारोही! ह्या पाचांस एका ओळीत बसविणारे ९ मे शिवाय दुसरे काय आहे? काहीच नाही. आणि अशी ओळ कोणत्याही तारखेची लावता येते. १० मार्च घ्या. १८९७ साली त्या दिवशी सावित्रीबाई फुले पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. आणि १९९९ साली त्याच तारखेस आपल्या नाशकात कुसुमाग्रज निवर्तले. ६ डिसेंबर घ्या. त्या तारखेस टिळकांच्या घरी पाळणा हलला, आणि १९५६ साली त्याच तारखेस डॉक्टर आंबेडकरांच्या जाण्याने लक्षावधी घरांत चूल पेटली नाही. एका घरचा आनंदाचा दिवस तोच दुसऱ्या घरचा अश्रूंचा. मग तारखेस शुभ म्हणावे की अशुभ?

कधी कधी जुळणी इतकी विलक्षण असते की शहाणेही चकित होतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यास ४ जुलै १८२६ रोजी पन्नास वर्षे पुरी झाली. तो जाहीरनामा घडविण्यात ज्यांचा हात होता ते दोन माजी राष्ट्राध्यक्ष, नव्वद वर्षांचे ॲडम्स व त्र्याऐंशी वर्षांचे जेफरसन, त्याच दिवशी वारले. पुढे १८३१ साली तिसरे माजी राष्ट्राध्यक्ष मन्रो हेही ४ जुलैसच गेले. पुष्कळांस ह्यात ईश्वरी संकेत दिसला. परंतु लक्षात घ्या, तेथे त्या दिवसास कोणी घातवार म्हटले नाही. उलट मोठा भाग्याचा योग मानिला. गोष्ट तीच : एकाच तारखेस अनेक मरणे. एका देशात ती गौरवाची ठरली, आमच्या भगिनीच्या घरात शापाची. अर्थ तारखेत नव्हता. तो पाहणाऱ्याच्या मनातून आला होता.

४. तारीख तरी एक आहे काय?

आणखी थोडे खोल पाहू. टिळक वारले तो शुक्रवार होता. भाऊराव वारले तो शनिवार. तिथीने पाहिले तर ९ मे १९१९ रोजी शुक्ल पक्षातील नवमी-दशमीच्या सुमाराचा चंद्र होता. ९ मे १९५९ रोजी अमावास्या नुकतीच सरली होती. म्हणजे आमचे शेजारी ज्या रीतीने पुण्यतिथी पाळतात त्या रीतीने ह्या दोघांचा दिवस मुळी जुळतच नाही. जुळते ती केवळ इंग्रजी सनाची तारीख.

शिवाजी महाराजांचे उदाहरण घ्या. त्यांचे निधन चैत्र शुद्ध पौर्णिमेस, शके १६०२ मध्ये झाले. पुस्तकांत तारीख ३ एप्रिल १६८० अशी देतात. परंतु ती इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या गणनेची आहे. आजच्या गणनेने तो दिवस दहा दिवस पुढे जातो. पुण्यतिथी तिथीने पाळिली तर ती हनुमान जयंतीस येते, आणि दरवर्षी तारीख बदलते.

तसेच शेक्सपिअर व स्पेनचा लेखक सर्व्हांतेस हे दोघे २३ एप्रिल १६१६ ह्या एकाच दिवशी वारले असे म्हणण्याचा प्रघात आहे. १९९५ साली ह्याच तारखेस जागतिक पुस्तक दिन ठरविला गेला. परंतु सर्व्हांतेस २२ तारखेस वारला व २३ ही त्याच्या दफनाची नोंद. आणि इंग्लंडात त्या वेळी जुनी गणना चालू असल्यामुळे शेक्सपिअरचे मरण स्पेनच्या गणनेने दहा दिवस मागाहून झाले. इंग्लंडने १७५२ साली नवी गणना स्वीकारिली तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर लिहिला! जी तारीख सरकारी हुकुमाने अकरा दिवस सरकते, तिच्या हातात माणसाच्या प्राणाची दोरी आहे असे कसे म्हणावे? तारीख ही आपण काळावर मारलेली खूण आहे. शेताच्या बांधावरील दगडाने पाऊस पडत नाही, तशी तारखेने मरणे येत नाहीत.

५. खरे नाते कोठे आहे

तर मग टिळक व भाऊराव ह्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो तारखेहून फार मोठा आहे. परंतु तारखेमुळे तो आपल्या दृष्टीस पडतो, हा तारखेचा उपकार.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही मंडळी उभी केली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एका कुटुंबासारखे जोडावे हा तिचा हेतु. टिळक मे महिन्यात गेले. त्याच वर्षी, पाच महिन्यांनी, त्याच जिल्ह्यात भाऊरावांची संस्था जन्मास आली. एकाने उपासनेत भिंती पाडावयाचे मनावर घेतले होते, दुसऱ्याने शाळेत व पंगतीत.

आणि दोघांच्याही पत्नीचे नाव लक्ष्मीबाई. नावाचे जुळणे हाही योगायोगच. परंतु त्या दोघींनी जे केले तो योगायोग नव्हे. टिळकांच्या लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर आकाश कोसळले, व कित्येक वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्यांच्या मनाने हळूहळू जातीचा अडसर काढून टाकला, १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि परक्यांची अनाथ मुले आपल्या घरात वाढविली. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मरणामुळे अपुरे राहिले होते. ज्या बाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते त्यांनी त्याचे साठांहून अधिक अध्याय रचिले. त्या २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या.

भाऊरावांच्या लक्ष्मीबाई सधन घरातून आलेल्या. वसतिगृहात धान्य नाही असे दिसले तेव्हा त्यांनी अंगावरील दागिने एकेक करून दिले, आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या पोटासाठी दिले. सगळ्या जातींच्या मुलांस त्यांनी आपल्या हातचे वाढिले. आपल्या समाजात सवाष्ण बाईने जिवंतपणी मंगळसूत्र काढणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. अशुभाची भीती त्यांनाही असेलच. परंतु समोर उपाशी बसलेले मूल त्यांना त्या भीतीहून मोठे वाटले.

वाचकहो, ९ मेची भीती धरणाऱ्या आमच्या भगिनीस मला हे सांगावयाचे होते. तारीख माणसांस जोडीत नाही. एकाने अर्धवट टाकलेले काम दुसऱ्याने उचलले, म्हणजे माणसे जोडली जातात.

६. त्या दिवसाचे काय करावे

मग अशी तारीख आली असता ती विसरून जावी काय? तसेही नाही. झिंझेनडॉर्फ ह्यांनी १७२८ पासून आपल्या वस्तीत एक रीत घातली. रोज एक शास्त्रवचन निवडून घरोघरी सांगावयाचे, व त्या वचनाच्या संगतीने तो दिवस काढावयाचा. १७३१ पासून वर्षभराच्या वचनांचे पुस्तक छापले जाऊ लागले, आणि ते आजही अनेक भाषांत दरवर्षी निघते. त्या पुस्तकात ९ मे हे एक पान आहे, १० मे हे दुसरे. कोणतेही पान काळे नाही, आणि कोणतेही कोरे सोडलेले नाही. ज्या दिवसाची भीती वाटते त्यास रिकामे सोडू नये. त्यात वाचन, आठवण व काम भरावे.

आणि आठवण करावी ती मरणाची नव्हे, तर जगण्याची. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी मारले गेले. त्याच दिवशी ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस व कादंबरीकार हक्सले हेही वारले. परंतु त्या गदारोळात त्यांच्या जाण्याकडे जगाचे लक्ष गेले नाही. जगाच्या यादीत थोड्यांचीच नावे मावतात. आपल्या घरातील मनुष्य ९ मे रोजी गेला तर त्याचे नाव टिळक व भाऊराव ह्यांच्या शेजारी कोणी छापणार नाही. ते नाव जपण्याचे काम घरच्यांचे व मंडळीचे.

शेवटी मी त्या भगिनीच्या घरी गेलो. प्रथम क्षमा मागितली. मग कागदावर हजार घरांचा हिशेब मांडून दाखविला. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, हिशेब कळला. पण जीव ऐकत नाही." मी म्हणालो, "जीव न ऐको, ताई. पण त्या दिवशी तुम्ही एकट्या राहू नका." मुलाने जावे की न जावे हे मी सांगितले नाही, ते मुलाने व आईने आपसांत ठरविले. मुलगा पहाटेच्या गाडीने गेला.

त्या दिवशी मंडळीतील चार-पाच बाया त्यांच्या ओसरीवर विड्यांची सुपे घेऊन बसल्या. दुपारी स्तोत्र ९० वाचले. मग कोणीतरी विचारले, "तुमचे मालक कसे होते हो?" आणि बाई बोलू लागल्या. त्यांचे यजमान सायकली दुरुस्त करीत; शाळेच्या मुलांची सायकल असली तर पंक्चरचे पैसे घेत नसत. हे आम्हांपैकी कित्येकांस ठाऊकच नव्हते. इतकी वर्षे त्या घरी ९ मे म्हटले की त्यांचे मरण तेवढे आठवले जात होते. ते कसे जगले हे त्या दिवशी प्रथमच कोणी विचारिले.

मुलाखतीचे काय झाले व मुलगा कसा परतला, हे मी येथे मुद्दाम लिहीत नाही. तो सुखरूप आला असे लिहिले तर तुम्ही म्हणाल, "पाहा, तारीख खोटी ठरली", आणि त्यास काही झाले असे लिहिले तर म्हणाल, "पाहा, तारीख खरी ठरली." दोन्हीही म्हणणी तारखेसच न्यायाधीश करतात. आपले दिवस ज्याच्या हाती आहेत त्याच्याकडे मोशेने दिवस गणण्याची बुद्धी मागितली. त्यांतून घातवार वेगळे काढण्याची मागितली नाही.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. एलीच्या घराण्यातील मरणे व शिलोहाच्या बुरुजाखालील मरणे ह्यांत कोणता फरक आहे?

२. आपल्या मंडळीच्या नोंदवहीत किती तारखा दोनदा आल्या आहेत ते वडीलमंडळींनी मोजावे. २३ नोंदींच्या २५३ जोड्या कशा होतात हे मुलांकडून फळ्यावर मांडून घ्यावे.

३. टिळकांचे कोणते काम लक्ष्मीबाईंनी पुरे केले? आपल्या घरातील गेलेल्या माणसाचे कोणते काम अपुरे राहिले आहे, आणि ते कोण उचलील?

४. आपल्या गावात ज्या घरास एखाद्या तारखेची भीती वाटते, त्या घरी त्या दिवशी कोण जाऊन बसेल? नावे आजच ठरवावी.